चांदी वितळली, प्लॅस्टिक टिकलं

१९९४ साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघरात एक सॅक्सोफोन विक्रीला आला. त्याचं अंग सायीच्या रंगाच्या अ‍ॅक्रिलिकचं होतं, म्हणजे चक्क प्लॅस्टिकचं. चाव्या तेवढ्या धातूच्या. ग्राफ्टन नावाचं हे इंग्लिश वाद्य १९५०च्या सुमारास बाजारात आलं, तेव्हा त्याची मोठी जमेची बाजू एकच होती: ते स्वस्त होतं. खाली पडलं की तडकायचं. पण त्या लिलावात बोली थांबली ९३,५०० पौंडांवर, कारण हा सॅक्सोफोन चार्ली पार्कर या जॅझवादकाचा. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये जी मैफल झाली, जिच्या ध्वनिमुद्रणाची जॅझवेडे आजही पारायणं करतात, तीत पार्करच्या हातात हे प्लॅस्टिक होतं. ज्या कॅन्सस सिटीत पार्कर वाढला, तिनंच ते विकत घेतलं. आता ते तिथल्या जॅझ संग्रहालयात आहे.

दुसरी विक्री आपल्या देशातली. डिसेंबर २०१६मध्ये वाराणसीत बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या चांदीच्या सनया घरातून चोरीला गेल्या. सनईला लग्नमांडवाच्या दारातून उचलून मैफलीच्या व्यासपीठावर बसवणारा हा माणूस. २००१ साली भारतरत्न मिळालेला. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी चोरीचा छडा लावला, तेव्हा कळलं की सनया सराफांकडे १७ हजार रुपयांना गेल्या होत्या. हाती लागली ती मुख्यतः वितळवलेली चांदी, सुमारे एक किलो.

प्लॅस्टिकला सोन्याचा भाव आणि चांदीला मोडीचा. पहिल्या वाद्याला किंमत आली ती ते कुणी, कधी, कुठं वाजवलं याचा पुरावा शाबूत होता म्हणून. दुसऱ्याचा पुरावा त्याच्या आकारातच होता आणि भट्टीत आधी आकारच गेला. जुनं सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचं, वाद्य विकायचं म्हणजे नेमकं काय विकायचं, हा प्रश्न वाटतो त्याहून बराच अवघड आहे. आणि तो लंडन-वाराणसीपुरता नाही. विदर्भातल्या कुठल्याही गावात, माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एखादी क्लॅरिनेट निघू शकते.

समजा, ती नालवाडीत निघाली. नालवाडी म्हणजे वर्धा शहराला आता जवळजवळ चिकटलेलं गाव. आजोबा बँडमध्ये होते, लग्नसराईत वाजवायचे, वरातीपुढे त्यांचीच क्लॅरिनेट असायची, एवढंच घरच्यांना ठाऊक. काळं लाकूड, त्यावर पांढरट चाव्या, सांध्यांना दोरा गुंडाळलेला, पत्ती कधीच गेलेली. नातू म्हणतो, विकून टाकू; जुनी आहे, भाव येईल.

इथंच पहिला धक्का बसतो. जुनं ते सोनं हे व्हायोलिनच्या बाबतीत खरं आहे. २०११ साली ‘लेडी ब्लंट’ नावाचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन १ कोटी ५९ लाख डॉलरना गेलं. सुषिर वाद्यांत असा आकडा शोधूनही सापडत नाही. विल्यम किंकेड या नामवंत वादकाची फ्लूट प्लॅटिनमची, १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी पॉवेल या कारागिराने घडवलेली. ती १९८६ साली विकली गेली १ लाख ८७ हजार डॉलरना. मधली पंचवीस वर्षं आणि महागाई धरली तरी अंतर अफाट उरतं.

याचं कारण वाद्याच्या पोटात आहे. व्हायोलिनमध्ये वादकाचा श्वास जात नाही. क्लॅरिनेटमध्ये जातो, आणि तो उष्ण, ओलसर असतो. नळीचा आतला भाग दमट होऊन फुगतो, बाहेरचा कोरडाच राहतो, आणि या ओढाताणीत लाकडाला उभी चीर जाते. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५च्या वर जातो आणि लग्नसराई असते ती नेमकी तेव्हाच. शिवाय वर्षानुवर्षांच्या ओल्या-कोरड्याने नळीच्या आतलं माप बदलतं, आणि या वाद्यात आतल्या मापालाच सारं महत्त्व. अर्ध्या मिलिमीटरचा फरक स्वर बिघडवायला पुरतो. व्हायोलिन मुरतं, क्लॅरिनेट झिजते, असं ढोबळमानाने म्हणायला हरकत नाही.

बरं, हे लाकूड तरी कुठलं? चांगल्या क्लॅरिनेटचं लाकूड आफ्रिकेतलं, टांझानिया आणि मोझांबिकच्या माळरानावरचं. आपल्या शिसवीची सख्खी बहीणच ती; वनस्पतिशास्त्रात दोघींचा वंश एकच, डालबर्जिया. हे लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. पण ट्रंकेतली काळी नळी लाकडाचीच असेल असं नाही. उष्ण देशांत लाकूड तडकतं म्हणून एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या क्लॅरिनेटही सर्रास निघत. दोन्ही काळ्या, दोन्ही गुळगुळीत. ओळखायचं कसं? अंगठा एका जागी जोरात घासायचा, जागा गरम झाली की नाकाशी न्यायची. एबोनाइट असेल तर गंधकाचा दर्प येतो. उन्हात पडून राहिलेलं एबोनाइट हिरवट-तपकिरीही पडतं. लाकडाची नळी असेल तर उजेडाकडे धरून आतून बघितल्यावर बारीक रेषा दिसतात. एवढी तपासणी घरच्या ओट्यावर होते, त्यासाठी कुणा जाणकाराला पैसे मोजायची गरज नाही.

मग लेन्स घेऊन ठसे वाचायचे. क्लॅरिनेटच्या तुकड्यांवर, विशेषतः वरच्या दोन जोडांवर आणि खालच्या भोंग्यावर, कारखान्याचं नाव कोरलेलं असतं. आपल्याकडे इंग्लिश नावं बरीच आढळतात: बूझी अँड कंपनी, हॉक्स अँड सन. या दोन कंपन्या १९३०मध्ये एक होऊन बूझी अँड हॉक्स झाल्या. म्हणजे नुसतं बूझी किंवा नुसतं हॉक्स असेल तर वाद्य त्याआधीचं, असा साधा हिशेब बांधता येतो. जवळ अनुक्रमांक असेल तर आणखी पुढे जाता येतं. या कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. कधीकधी तीन रेघांच्या बाणाचं चिन्ह असतं. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण, म्हणजे वाद्य लष्कराच्या खात्यात होतं.

लष्कराचा संबंध यायलाच हवा. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ सालची. पलटण म्हटली की बँड आला, बँड म्हटला की क्लॅरिनेट आली. लष्करी बँडमध्ये व्हायोलिनचं काम क्लॅरिनेटच करते. पलटणींतून हे वाद्य संस्थानिकांच्या दरबारी बँडात गेलं आणि तिथून लग्नाच्या वरातीत. मेरठमध्ये नादिर अली यांनी १८८५ साली सुरू केलेली कंपनी तर या वरातींच्या जिवावरच फोफावली. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतीय बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं आहे. आपण मात्र बँडवाल्यांकडे वरात संपेपर्यंतच बघतो.

आता त्या ठशांतल्या दोन अक्षरांकडे येऊ. नावाच्या खाली, कधी पाठीमागे, बारीक ‘एच. पी.’ असं कोरलेलं असतं. परदेशातला दुकानदार ही अक्षरं बघतो आणि वाद्य परत करतो. दोन अक्षरांत एवढं काय आहे?

एच. पी. म्हणजे हाय पिच, चढी स्वरपट्टी. एकोणिसाव्या शतकात युरोपातले बँड आणि वाद्यवृंद उठावदार वाजावं म्हणून आपला स्वर हळूहळू चढवत गेले. कुणी कुणाला विचारून चढवत नव्हतं. प्रत्येक शहराचा स्वर वेगळा. फ्रान्सने १८५९मध्ये कायदा करून पायाचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधून टाकला. इंग्लंडात मात्र तो ४५२च्या वर पोचला होता. १८९६मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने तो उतरवून ४३९ केला, पण लष्कराने जुनी चढी पट्टी सोडली नाही. सोडणार कशी? हजारो वाद्यं एका दिवसात भंगारात काढावी लागली असती. लष्करी बँड खाली उतरले ते थेट १९२०च्या दशकाच्या अखेरीस. आणि १९३९मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० हा आकडा ठरला, जो आज जगभर चालतो.

४५२ आणि ४४० यांत फरक किती? साधारण पावणेतीन टक्के. कानाला तो पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याएवढा लागतो. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा पायाचा स्वर पेटीवर काळी पाचशी जुळतो. चढ्या पट्टीच्या क्लॅरिनेटचा तोच स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये पडतो, जिथं पेटीला पट्टीच नाही. कुठल्याच पेटीवाल्याशी तिचं जमत नाही.

मग नळी थोडी लांब करा, असं कुणीही म्हणेल. क्लॅरिनेट तुकड्यातुकड्यांची असते, सांधा जरा बाहेर ओढला की लांबी वाढते. पण हिशेब करून बघा. सुमारे ६५ सेंटिमीटरच्या नळीत पावणेतीन टक्के म्हणजे पावणेदोन ते दोन सेंटिमीटर. तेवढी नळी वरच्या सांध्यातून बाहेर ओढली तर सगळी भोकं बंद असतानाचा खालचा स्वर बरोबर बसतो. वरची भोकं उघडी ठेवून वाजवलेल्या स्वराला मात्र हवेचा स्तंभ वीसेक सेंटिमीटरचाच असतो. त्यात दोन सेंटिमीटर वाढवले की नऊ-दहा टक्के झाले, आणि तो स्वर दीड पट्टीने गडगडतो. नळी वाढली, पण भोकांमधली अंतरं तीच राहिली. म्हणजे आख्खं वाद्यच बेसूर झालं. चढ्या पट्टीची क्लॅरिनेट उतरवता येत नाही, हे इतकं साधं गणित आहे, आणि तेवढ्यावर हजारो उत्तम वाद्यांची किंमत गेली. मुखाचा तुकडा सोडून आजची बी-फ्लॅट क्लॅरिनेट साधारण ६० सेंटिमीटर भरते. ट्रंकेतली त्याहून दीड-दोन सेंटिमीटर आखूड निघाली तर ठसा पुसलेला असला तरी काय ते समजावं.

इथवर वाचून नातवाने क्लॅरिनेट परत ट्रंकेत ठेवू नये. कारण याच दोषाकडे आपल्या संगीताच्या बाजूने बघितलं तर तो नाहीसा होतो.

हिंदुस्थानी संगीतात ‘सा’ कुठंही धरता येतो. कंपनं किती असावीत याचा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. गवयाचा गळा जिथं तिथं सा, आणि तंबोरा त्याला जुळवून घेतो. क्लॅरिनेट उतरत नसेल तर नसू दे, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळा. तबल्यालाही दोन हातोड्या जास्त. अडचण फक्त पेटीची, आणि एकल वादनात पेटी नसली तर कुणाचं अडत नाही. लंडनच्या वाद्यवृंदाने हाकललेली क्लॅरिनेट तंबोऱ्याच्या शेजारी सुरात वाजू लागते, आणि त्यासाठी तिच्यात काडीचाही बदल करावा लागत नाही.

दुसरी गोष्टही अशीच. जुन्या इंग्लिश क्लॅरिनेट बहुधा अल्बर्ट रचनेच्या असतात. ब्रसेल्सचा यूजीन अल्बर्ट हा नावाजलेला कारागीर, त्याच्या नावावरून ही रचना ओळखली जाते. आज बहुतेक ठिकाणी चालते ती बोम रचना, पॅरिसमध्ये क्लोझे आणि बुफे यांनी १८३९ ते १८४३ या काळात तयार केलेली. बोम रचनेत भोकांभोवती कड्या असतात. भोकावर बोट टेकलं की कडी दबते आणि दूरवरची आणखी एखादी चावी हलते. बोटांची कसरत वाचते. युरोपियन संगीतात, जिथं स्वरावरून स्वरावर टुणकन जायचं असतं, तिथं हे वरदान. अल्बर्ट रचनेत कड्या थोड्या. बोटं जास्त राबतात, पण भोक हळूहळू, घसरवत उघडता येतं, आणि सुटणारा स्वर पायरीवरून उतरण्याऐवजी उतारावरून येतो. म्हणजेच मींड. एका स्वरातून दुसऱ्यात विरघळत जाणं हाच ज्या संगीताचा प्राण, त्याला जुनी रचना अधिक मानवते. आपणच एकटे असे नाही. तुर्की वादक आणि न्यू ऑर्लिन्सचे जुने जॅझवाले हेही अल्बर्टलाच चिकटून राहिले. फ्रान्समधला विद्यार्थी ज्या क्लॅरिनेटला हात लावणार नाही, तीच इस्तंबूलच्या लग्नात हवी असते.

मुंबईत मास्टर इब्राहिम यांनी याच वाद्यावर हिंदी सिनेमाच्या चाली वाजवून घराघरात पोचवल्या. ७८च्या तबकड्यांवर त्यांची क्लॅरिनेट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते सांगावं लागणार नाही. ती गाते.

आणि गाते तीही अजब तऱ्हेने. शेजारी एक पाश्चात्त्य फ्लूट ठेवा, दोघींची लांबी साधारण सारखी. तरी फ्लूटचा सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला २६२ कंपनांचा आणि क्लॅरिनेटचा १४७, म्हणजे जवळजवळ सप्तकभर खाली. सारख्या लांबीच्या नळीतून एवढा खर्ज येतो कुठून? फ्लूट दोन्ही टोकांना उघडी असते. क्लॅरिनेट ओठांच्या बाजूला पत्तीने जवळजवळ बंद होते, आणि एका बाजूने बंद नळी दुप्पट लांब उघड्या नळीसारखी वागते. पुढची गंमत अशी की बासरीत किंवा सनईत फुंकेचा जोर वाढवला की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो, सा चा सा. क्लॅरिनेटमध्ये अंगठ्याची चावी दाबून वर गेलं की सा चा होतो वरच्या सप्तकातला पंचम. कंपनं दुप्पट न होता तिप्पट होतात. सनईलाही पत्तीच असते, मग ती का तशी वागत नाही? कारण सनईची नळी खाली रुंद होत जाते आणि क्लॅरिनेटची जवळजवळ शेवटपर्यंत सारख्याच जाडीची राहते. नळीच्या आतल्या आकारावरून सा आणि प यांचं नातं ठरतं. मला तर हे दर वेळी नव्याने थक्क करतं. सनई वाजवणारा माणूस क्लॅरिनेटकडे वळला की त्याला वरच्या सप्तकाची सगळी बोटं नव्याने शिकावी लागतात, ती यामुळेच.

आता विक्रीकडे वळू. वाद्याचं लाकूड, ठसा, पट्टी, रचना या चार गोष्टी वाद्यावरच वाचता येतात. पाचवी वाद्यावर कुठंच नसते आणि ग्राफ्टनला लाख पौंडांच्या जवळ तिनेच नेलं: हे कुणाचं, आणि कशावरून?

या प्रश्नाशी नालवाडीचा जुना परिचय आहे. विनोबा १९३२च्या अखेरीस इथं राहायला आले आणि सूत कातून मिळेल तेवढ्याच मजुरीत जगण्याचा प्रयोग त्यांनी इथंच केला. त्याच दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी नालवाडीत चर्मालय उभं केलं. तिथं कमावलं जाणारं कातडं मारलेल्या जनावराचं नसे. आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचंच घ्यायचं, हा नियम. त्या कातड्याचा जोडा हातात घेऊन बघा, काहीही वेगळं दिसणार नाही. जनावर कसं मेलं ते चामड्यावर उमटत नाही. घेणारा त्या जोड्याला मान द्यायचा तो विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून, आणि तो शब्द खरा असावा म्हणून चर्मालयात एवढा कडक नेम पाळला जायचा. गांधीजींनी ‘हरिजन’मधून या कामाबद्दल लिहिलं. वस्तू कुठून आली याची हकीकत हा वस्तूचाच एक भाग आहे, हे लिलावघरं ज्या भाषेत बोलतात तिच्यापेक्षा फारच साध्या रीतीने या गावात आधीच सिद्ध झालेलं आहे.

क्लॅरिनेटच्या बाबतीत ही हकीकत कागदांत असते. बँडच्या गणवेशातला फोटो, ज्यात वाद्याच्या चाव्या ओळखू येतात. सुपाऱ्या लिहिलेली वही: कुठल्या गावी, कुणाच्या लग्नात, किती बिदागी. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. तिथं कधी वाजवलं असेल तर कराराचं पत्र. आजोबा नामवंत नसले तरी हे लागतं. नामवंतांच्या वाद्यांना लिलावघर भेटतं, बाकीच्यांच्या वाद्यांना संग्रहालय आणि अभ्यासक भेटू शकतात, पण कागद असतील तरच. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य घालवून जो संग्रह उभा केला, त्यात वाद्यांचं मोठं दालन आहे. असल्या ठिकाणी वाद्य देताना पैसे फारसे मिळत नाहीत, आजोबांचं नाव मात्र पाटीवर लागतं. पैसे हवे असतील तर गिऱ्हाईक शोधायचं ते वाजवणाऱ्यांत. जुनी क्लॅरिनेट शोकेससाठी घेणाऱ्यापेक्षा ओठाला लावणाऱ्याने घेतलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ती ‘अँटिक पीस’ म्हणून कंदील आणि ग्रामोफोनच्या भोंग्यांशेजारी लटकते, आणि तिथं गेली की तिची सगळी हकीकत पुसली जाते.

कायद्याचंही थोडं बघावं लागतं. शंभर वर्षं उलटलेली कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावं. जुन्या इंग्लिश फ्लूट-क्लॅरिनेटना कधी हस्तिदंती कडी असते. वन्यजीव कायद्यामुळे हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे पूर्ण बंद आहे, कडी आजोबांच्याही आजोबांच्या काळातली असली तरी. लाकडाची गोष्ट जरा गमतीची. २०१७च्या जानेवारीपासून डालबर्जिया वंशातल्या जवळपास सगळ्या झाडांच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. मूळ रोख होता फर्निचरसाठी होणाऱ्या बेसुमार तोडीवर, पण जाळ्यात क्लॅरिनेटही आल्या, शिसवीच्या सनयाही आल्या. दौऱ्यावर निघालेले वादक परवान्यांसाठी धावू लागले. अखेर २०१९च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून वगळलं.

विकायच्या आधी लोक जे करतात, त्यातलं निम्मं न केलेलं बरं. चाव्या पितांबरीने चकचकीत करायच्या नाहीत. वरचा मुलामा जातो, ठसे बुजतात. चीर दिसली म्हणून त्यात फेविक्विक ओतायचं नाही. ती नीट बुजवणारे कारागीर असतात, आणि ओतलेलं डिंक-लुकण काढण्यातच त्यांचा जीव जातो. चाव्यांखालच्या गाद्या, ज्यांवर एकेकाळी जनावराच्या आतड्याचं पातळ कातडं चढवलेलं असे, कसरीने खाल्लेल्या असतील तर तशाच राहू द्या, नव्या बसवणं हे घेणाऱ्याचं काम. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईक आलं म्हणून पत्ती लावून तासभर वाजवून दाखवायची नाही. वर्षानुवर्षं सुकलेल्या लाकडात एकदम ओला श्वास गेला की पहिल्याच दिवशी नळी तडकते. दिवसाला पाच-दहा मिनिटं, मग आतून पुसून ठेवणं, असं आठवडाभर चालवलं की लाकूड सावरतं. सांधे अडकले असतील तर पिळायचे नाहीत.

आणि खरं सांगायचं तर, इतकं करूनही बहुतेक जुन्या क्लॅरिनेटना मोठा भाव येत नाही. कारखान्यांनी त्या हजारोंनी काढल्या, पट्टी चढी, रचना जुनी. दुर्मीळ म्हणावी अशी शेकड्यात एखादीच. म्हणून विक्रीची घाई नको. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला, वस्तीतल्या जुन्या ढोलवाल्याला बोलावून आजोबा कुठल्या बँडात होते, कुठली चाल वाजवायचे, वाद्य कुणाकडून आणि कितीला घेतलं, हे फोनवर त्यांच्याच आवाजात टिपून घ्या. फोटो असेल तर मागे नाव-गाव-साल पेन्सिलीने लिहा. ही माणसं आज सांगू शकतात, पाच वर्षांनी सांगतीलच असं नाही. किंमत त्यानंतर विचारा.